सात पाट्यांचं एक मूल

हिरडेवाडीच्या शाळेत एकच मूल शिकतं, असं तालुक्याच्या मॅडम सांगत होत्या तेव्हा बुधाबा केंगले सात ताटांत खिचडी वाढत होता. पळी हातातच राहिली. त्याने एकदा ताटांकडे पाहिलं, एकदा ओळीने बसलेल्या पोरांकडे पाहिलं, आणि मग मॅडमकडे.

"एकच?"

"एकच."

"मंग ही खिचडी कोण खातंय?"

पोरं फिसकन हसली. फडतरे मॅडमना मात्र हसू आलं नाही. वाडीवर गाडी येत नव्हती. खालच्या धरणापासून डोंगर चढून आल्याने त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. त्यांनी तांब्याभर पाणी संपवलं आणि पोरांवरून नजर फिरवली. ओठ हलले, तेव्हा त्याही मनात मोजतायत हे बुधाबाला कळलं.

"मलाही सात दिसतायत, आजोबा. पण यंत्राला एकच दिसतं. म्हणून तर चढून आले."

बुधाबा शाळेचा सोबती होता. लहान वाड्यांवर गुरुजी नेमायचं बंद झालं होतं. त्यांच्या जागी कपाटाएवढं यंत्र आलं, छपरावर सोलर बसलं, आणि यंत्राला जोडलेल्या काचेच्या सात पाट्या आल्या. शिकवायचं काम यंत्राचं. शाळा उघडायची, पाट्या पुसायच्या, खिचडी शिजवायची आणि भांडणं सोडवायची, हे काम सोबत्याचं. बुधाबाला त्यासाठी अक्षर यायची गरज नव्हती. ते आलं ते पोरांच्या मागे बसून, डोक्याचे केस पांढरे झाल्यावर.

या यंत्राचं थोडं सांगायला हवं. मुलांचा चेहरा, आवाज किंवा बोटाचा ठसा साठवून ठेवायला कायद्याने बंदी आली होती. मग कोणत्या मुलाला काय येतं हे यंत्राने लक्षात ठेवायचं कसं? संशोधकांनी त्यावर सुरेख तोड काढली. हस्ताक्षराला जसं वळण असतं तसं विचार करण्यालाही असतं, हे त्यांच्या लक्षात आलं. एकच गणित दोन पोरांना घाला. एक एककापासून सुरू करील, दुसरं आधी अंदाज बांधील. एक चुकलं की खोडील, दुसरं तसंच पुढे रेटील. एकाचं बोट जोडाक्षरापाशी अडेल, दुसऱ्याचं ओळीच्या शेवटी. अशा शेकडो बारीक खुणा एकत्र केल्या की कोणतीही दोन मुलं सारखी निघत नाहीत. त्यामुळे यंत्र नाव विचारत नसे. कुठल्याही पाटीवर बसा, दोन-चार उत्तरं द्या, ते तुम्हाला ओळखी. तुमचं पुढे कुठे अडणार आहे हेही त्याला आधीच कळे, आणि तसा धडा ते बेतून देई. राज्यभरच्या शाळांत हे बिनबोभाट चाललं होतं.

हिरडेवाडीत मात्र पडकई होती.

या डोंगरात भाताचं खाचर कोणी एकट्याने बांधत नाही. आज सगळी वाडी एकाच्या बांधावर जाते, उद्या दुसऱ्याच्या. दांडगे गडी धोंडे लोटतात, बाया माती टाकतात, म्हाताऱ्यांना फटीत दगडाच्या कपच्या बसवायचं हलकं काम मिळतं. कोणत्या धोंड्याला कोणाचा हात लागला हे बांध पुरा झाल्यावर कोणी विचारत नाही. पोरांनी जन्मापासून हेच पाहिलेलं. पाट्या आल्या तेव्हा त्यांनी तेच केलं. आज सगळी कार्तिकच्या पाटीभोवती, उद्या ईश्वरीच्या. एकाने वाचायचं, एकाने हिशेब करायचा, एकाने आकृती काढायची, आणि दोन उत्तरांत वाद लागला तर धाकट्या तन्वीने बोट टेकवायचं. असं करा म्हणून त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, आणि करू नका असंही कोणी म्हटलं नव्हतं. बुधाबाला त्यात काही वेगळं दिसलंच नाही.

जेवणं झाल्यावर फडतरे मॅडमनी आपली पाटी काढली आणि यंत्राने त्या एका मुलाबद्दल जे म्हटलं होतं ते वाचून दाखवलं.

"हे मूल फार सावकाश वाचतं. प्रत्येक अक्षराखाली बोट धरतं. पण हिशेबाला इतकं चपळ, की जिल्ह्यात त्याला जोड नाही. आकृती डाव्या हाताने काढतं. चुकलं की स्वतःशीच भांडतं, दोन-तीन उत्तरं लिहून खोडतं, आणि शेवटी निवडतं ते बहुतेक बरोबर निघतं. आजपर्यंत एकही धडा अर्धा टाकून उठलेलं नाही." त्यांनी मान वर केली. "एवढ्या शाळा पाहते मी, आजोबा. असं मूल पाहिलं नाही. कोण आहे हे?"

बुधाबा गडबडला. डावखुरा कार्तिक गवारी. हिशेब म्हटला की ईश्वरी, त्याची नात. खोडाखोड कोण करतं? सगळीच. आणि सावकाश वाचणारं...

"म्या नीट सांगू शकत न्हाय, मॅडम," तो म्हणाला. "थोडं हितलं, थोडं तिथलं लागतंय."

"म्हणजे?"

त्याने नुसताच सगळ्या पोरांवरून हात फिरवून दाखवला.

मॅडमनी मग नियम सांगितला. असं मूल सापडलं की जूनपासून त्याला पुण्याच्या निवासी शाळेत न्यायचं. आणि जिथे एकच मूल शिकतं ती शाळा बंद करायची.

"आन् बाकीची सा?"

"धरणाखालच्या आश्रमशाळेत. तिथेच राहतील." त्यांनी नजर चुकवली. "मी पाठवलं होतं लिहून, की मुलं सात आहेत. वरून उत्तर आलं, सात जण खिचडी खात असतील, शिकतंय एक. परवा परत येते. प्रत्येकाला वेगळं बसवून बघू. ज्याचं वळण जुळेल ते मूल."

सांजेच्या आत ही बातमी वाडीभर झाली, आणि ती जशी सांगितली गेली तशी कोणत्याच घरात पोचली नाही. शाळा बंद होणार हे लोकांनी ऐकलं आणि सोडून दिलं. पुण्याला एक पोर जाणार, हे प्रत्येकाने उचललं.

"माझीच ईश्वरी ती," सून शेवंता चुलीपुढे म्हणाली. "हिशेब कोन करतं? बाजारात वाण्याला गप करते माजी पोर."

"आकृती डाव्या हाताची हाये म्हनं," मुलगा काळू म्हणाला.

"मंग काढील डाव्या हातानं! आजपासनं शिकव तिला."

"आगं, आसं हात बदलून—" बुधाबा मध्ये पडला.

"मामंजी, तुमी बोलू नका. तुमीच ती पोरं एकत्र बसवली. माज्या पोरीचं डोकं साऱ्या वाडीला वाटलं."

बुधाबाने भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच धरून ठेवला. वाटलं म्हणजे कमी झालं का? त्याला वाटत होतं वाढलं. पण पुण्याच्या शाळेचं नाव निघाल्यावर त्याच्याही मनात ईश्वरी एसटीत बसलेली दिसली होती, नवा गणवेश घालून, आणि त्याला बरं वाटलं होतं. मग शाळेला कुलूप दिसलं आणि वाईट वाटलं. दोन्ही एकाच घोटात गिळायचं कसं, ते त्याला उमगेना.

दुसऱ्या दिवशी काळूच्या बांधावर पडकई होती. कार्तिकचा बाप बाळू गवारी आला नाही. शाळेची वेळ होईस्तोवर पोराला घेऊन घरात बसलाय, असं कळलं. आणखी दोन घरं आली नाहीत. काळू एकटाच धोंडा लोटत राहिला. शाळेत पोरं आली, ती मात्र पाट्या बाजूला ठेवून, आपापली वही घेऊन सात कोपरे शोधून बसली. चार भिंतींच्या खोलीत सात कोपरे कुठून आणणार? तन्वी मधोमध बसून रडू लागली.

"काय झालं गं?"

"कार्तिकदादा म्हनतो, माजं बघू नको."

बुधाबाला कार्तिकला रागवायचं होतं. पण कोणत्या गोष्टीसाठी रागवायचं, तेच ठरेना.

ठरल्याप्रमाणे तिसऱ्या दिवशी सकाळी मॅडम आल्या. त्यांनी एकेका पोराला आत घेतलं आणि दार लोटलं. बाहेर आईबाप उभे होते, देवळात कौल लावताना उभे राहतात तसे. आधी कार्तिक गेला. बऱ्याच वेळाने घामेजून बाहेर आला.

"काय म्हनलं यंत्र?" बाळूने विचारलं.

"म्हनलं, नवीन विद्यार्थी. स्वागत आहे."

मग ईश्वरी गेली. तिने हिशेब भराभर केले, पण प्रश्न लांबलचक आला की ती थांबे आणि मागे वळून पाही. मागे कोणी नव्हतं. तीही नवीन विद्यार्थी ठरली. एकेक करून साती पोरं आत गेली आणि साती नवीन निघाली. तन्वीला तर पहिलाच प्रश्न वाचता आला नाही. तिने आजवर नुसतं बोट टेकवलेलं. शेवटी यंत्राने मॅडमच्या पाटीवर लिहिलं, की शाळेत आज सात नवीन मुलं दाखल झाली आहेत, सगळ्यांची तयारी जेमतेम आहे, आणि नेहमीचं मूल आलेलं नाही.

लोक कुरकुरत पांगले. हरलं कोणीच नव्हतं, जिंकलंही नव्हतं, त्यामुळे भांडायचं कोणाशी हेही कळेना. मॅडम ओट्यावर बसून फोनला रेंज शोधत होत्या. एक दगड होता, त्यावर उभं राहिलं की दोन काड्या यायच्या. तिथून बोलून त्या परत आल्या तेव्हा चेहरा उतरला होता.

"आजोबा, आता नवंच. ते म्हणतात, जे मूल सगळ्यात हुशार ते अचानक नाहीसं झालं. सोबत्याला विचारा, मूल कुठे आहे. उद्या पोलीसपाटलांकडून जबाब मागवतील."

"माज्याकडनं? कोन्या पोराचा?"

"तेच तर. नाव नाही त्याला."

"मॅडम, न झालेलं पोर हरवलं कसं?"

"मला विचारू नका हो," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच दोघंही हसले.

पोरं खिचडीला बसली होती. पाट्या तशाच उजळ होत्या. सोलर वाया नको म्हणून बुधाबा त्या बंद करायला आत गेला. पहिल्याच पाटीवर एक ओळ होती. ओळ दिसली की तिच्याखाली बोट धरायचं, हे त्याचा हात आता आपोआप करी. त्याने काचेवर बोट टेकवलं आणि एकेक अक्षर लावत गेला. 'एका खाचराला तीन बाजूंनी बांध आहे.' ओळ संपली. पाटी क्षणभर काळी झाली आणि मग तिच्यावर दुसरी ओळ उमटली.

'आलास? दोन दिवस कुठे होतास?'

बुधाबाने बोट चटका बसल्यासारखं मागे घेतलं. "मॅडम! ही माज्याशी बोलतीय!"

मॅडम धावत आल्या. त्यांनी त्याला आणखी एक ओळ वाचायला लावली, मग आणखी एक. आपल्या पाटीवर काहीतरी ताडून पाहिलं आणि भिंतीला टेकून खाली बसल्या.

"प्रश्न आला की पहिल्यांदा कोण वाचायचं, आजोबा?"

"म्या. पोरं म्हनायची, बुधाबा, तुम्ही वाचा. म्हाताऱ्याला हलकं काम द्यावं तसं. मला लई टाइम लागतो. पन थांबायची बिचारी. अडलं तर सांगायची."

"रोज?"

"रोज. हरेक धड्याला."

पोरं बदलत होती, पाट्या बदलत होत्या. कधी हिशेब आधी यायचा, कधी आकृती. पण प्रत्येक धड्याच्या तोंडाशी तेच एक सावकाश बोट होतं. यंत्राने माळेतला दोरा म्हणून ते धरलं होतं आणि बाकी सगळे मणी त्यात ओवले होते. मॅडमनी हे त्याला दोनदा समजावलं. पहिल्यांदा त्याला वाटलं आपल्यावर आळ आलाय. दुसऱ्यांदा त्याला वाटलं आपल्याला बक्षीस मिळतंय.

"म्हंजे पुन्याला मी जायाचं?"

"नाही हो." मॅडम गंभीर झाल्या. "पण यातून वाट निघते. सात नवीन मुलं दाखल झालीत. सात असली की शाळा बंद होत नाही. फक्त जुनं मूल रीतसर शाळा सोडून गेलं पाहिजे. शाळांनी परस्पर मुलं पटावरून उडवू नयेत म्हणून तसं त्या मुलालाच सांगावं लागतं, पाटीवर, त्याच्याच बोटाने."

"मंग सांगतो की. त्यात काय?"

"पुढचं ऐका. तुम्ही परत कधी या पाट्यांवर वाचलंत, तर यंत्र तुम्हाला ओळखील. ते मूल परत आलं म्हणेल, आणि साती पोरांचं काम पुन्हा तुमच्याच नावावर चढवील. आणि पोरांनाही वेगळं बसावं लागेल, मध्ये आडोसे घालून. एकमेकांना सांगायचं नाही. नाहीतर दुसरं एखादं असंच मूल तयार होईल."

"हे तुमी वर सांगा ना. की आमच्यात आसं आस्तं."

"सांगितलं. ते म्हणाले, दुरुस्ती करू. पुढच्या साली, नाहीतर त्याच्या पुढच्या. तोवर इथे कुलूप लागलेलं असेल."

शाळेला कुलूप लागलं की पोरं आश्रमशाळेत जाणार आणि सणापुरती वाडीवर येणार, हे बुधाबाला नीट कळत होतं. पण दुसरी एक गोष्ट त्याच्या डोक्यात घोळत होती, ती मॅडमना सांगायची लाज वाटत होती. शेवटी त्याने सांगितली.

"मॅडम, मला खरंच वाचता येतंय का?"

"म्हणजे?"

"पोरं एकटी बसली तर त्यास्नी काय आलं न्हाय. मंग मला तरी येतंय का? अडलं की कार्तिक न्हाय तर दुसरं कुनी सांगायचं. पोरं मागं नसताना म्या कंदी वाचलंच न्हाय. आजच्या त्या दोन-तीन ओळी सोप्या व्हत्या."

"मी सोपी पुस्तकं पाठवीन," एवढंच फडतरे मॅडम म्हणाल्या.

त्याने पाटी मांडीवर घेतली. मॅडमनी काहीतरी दाबलं आणि मोठाल्या अक्षरांत प्रश्न आला. त्याने मागे पाहिलं. दारातून पोरांचे आवाज येत होते, पण आत कोणी नव्हतं. त्याने बोट टेकवलं. 'तुला ही शाळा...' पुढे जोडाक्षर होतं. त्याने ते सोडलं, पुढचं लावलं आणि परत मागे आला. मॅडमनी तोंड उघडलं तसा त्याने हात वर केला. "नगा सांगू." किती वेळ गेला कोण जाणे. 'तुला ही शाळा निश्चित सोडायची आहे का?'

वाचून झाल्यावर आनंद व्हावा की काय, हे त्याला कळेना. वाचता येतंय हे कळलं ते याच प्रश्नावर.

'हो' वर बोट ठेवायचं होतं. त्याने ठेवलं. पाटीवर आलं, 'का?' आणि खाली लिहायला जागा. मॅडम म्हणाल्या, लिहिलं नाही तरी चालतं. पण त्याने लिहिलं. काना मात्रा चुकत, खोडत, पुन्हा लिहीत. 'पोरं हितं ऱ्हावी म्हनून.'

पाटी काळी झाली. मग उजळली. 'नमस्कार. नवीन विद्यार्थी का?'

त्याने पाटी पालथी घातली आणि उठला.

मॅडमनी पुठ्ठ्याचे आडोसे पाठवले. काळूने आणि बाळू गवारीने मिळून ते बसवले. शाळा राहिली म्हटल्यावर दोघं पुन्हा बोलू लागले होते. शेवंतानेही सासऱ्याच्या ताटात न मागता तूप वाढलं. वाडीत सगळ्यांना वाटलं, झालं ते बरं झालं. बुधाबा शाळा उघडी, पाट्या पुसून देई, आणि बाहेर पायरीवर येऊन बसे. आत पाहायचं नाही, असं त्याने स्वतःला सांगितलं होतं. ओळ दिसली की बोट जाईल, ही त्याला भीती होती.

एका सकाळी आतून ईश्वरीचा आवाज येत होता. ती एका प्रश्नावर अडली होती. तेच अर्धं वाक्य पुन्हा पुन्हा वाचत होती आणि दर वेळी त्याच शब्दापाशी थांबत होती. बुधाबाच्या ओठांवर तो शब्द आला. त्याने ओठ मिटले. मग पुठ्ठ्याच्या पलीकडून कार्तिकची कुजबुज ऐकू आली. "ईशे, तसं न्हाय. आधी शेवट वाच." तिसऱ्या आडोशामागून तन्वी म्हणाली, "मला दाव, मी सांगते बोट कुठं ठेवायचं." कोणीतरी खुदकन हसलं. पुठ्ठा सरकल्याचा आवाज झाला.

बुधाबा उठून दारात आला. त्याला त्या घोळक्यात जाऊन बसावंसं वाटत होतं.

"ए! गप ऱ्हावा!" तो ओरडला. "कुनी कुनाला सांगायचं न्हाय. ज्याचं त्यानं करायचं!"

पोरं दचकली. बुधाबाला असं ओरडताना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. पुठ्ठे जागच्या जागी गेले. सगळीकडे चिडीचूप झालं, आणि साती पाट्यांवर सात निरनिराळे धडे सुरू झाले.

तो पायरीवर परत येऊन बसला. शाळा राहिली होती. पोरं वाडीवरच होती, प्रत्येकाची वेगळी नोंद होती, आणि जून महिन्यात त्यांतल्या कोणालाही एसटीत बसायचं नव्हतं. आपण जे केलं ते चांगलं केलं की वाईट, हे विचारावं तर कोणाला, याचा तो विचार करत होता, तेवढ्यात आत कोणीतरी मुसमुसून रडायला लागलं. त्याने कान देऊन ऐकलं. कितीही ऐकलं तरी ते कोणतं पोर, हे त्याला ओळखता येईना.